पुढच्या आठवड्याचं पोर

बाताव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, नागासाकीला वर्षाकाठी डचांचं एखाददुसरं जहाज यायचं. त्यातून साखर, कापड, पुस्तकं यायची आणि अधूनमधून काचेच्या दोन तुकड्यांत दाबून वाळवलेली देवीची लसही यायची. पोचायची, पण मेलेली. महिनाभराचा समुद्र, विषुववृत्ताकडचा उकाडा, बोटीच्या पोटातली दमट हवा. नागासाकीतले डॉक्टर मोठ्या आशेने ती पोरांच्या दंडावर टोचायचे, आठवडाभर वाट बघायचे आणि दंड जसाच्या तसा! झीबोल्ट नावाच्या नामांकित जर्मन डॉक्टरने १८२३ साली हा खटाटोप करून पाहिला. १८४८ साली आलेल्या डॉक्टर ओटो मोनिकेचीही पहिली खेप वाया गेली.

जेनरने गाईच्या देवीचा प्रयोग केला १७९६ साली. म्हणजे जपानात ज्याला डच वाचता येत होतं त्याला ही लस काय चीज आहे आणि ती कशी टोचायची, हे कित्येक वर्षं ठाऊक होतं. माहिती पोचली होती, माल पोचत नव्हता. आपल्या मुंबईत मात्र १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर बगदाद-बसऱ्याच्या वाटेने आलेली लस उठली, आणि तिच्यापासून पुढे ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी गेली. जपानला त्यानंतर आणखी सत्तेचाळीस वर्षं लागली.

मी इतिहासकार नाही. माझी उभी नोकरी लसीच्या थंड पेटीभोवती गेली, आधी ठाणे जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर नवी मुंबईत. त्यामुळे कुठल्याही लसीची गोष्ट वाचली की मला शोध कुणी लावला यापेक्षा पेटी कुणी उचलली हे आधी विचारावंसं वाटतं. आमच्याकडे सत्राच्या सकाळी आईसपॅक डीप फ्रीजरमधून काढून ओट्यावर मांडायचे. लगेच कॅरियरमध्ये कोंबायचे नाहीत. त्यांना घाम फुटू द्यायचा. मग एकेक उचलून कानाशी हलवायचा. आत पाणी खळखळलं की तो तयार. इतका वेळ कोण थांबतं असं म्हणून दगडासारखा कडक पॅक घातलात, तर पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या लसीची, कुपी गोठून निकामी होते आणि बाहेरून काही कळतही नाही. दोन ते आठ अंश, बस. वर गेलं तरी गेली, खाली गेलं तरी गेली. लोडशेडिंगच्या दिवसांत आयएलआरचं, म्हणजे लसीच्या फ्रीजचं, झाकण उघडायला मी डॉक्टरांनासुद्धा बंदी केली होती. साहेब हसायचे. हसू देत.

तर, मुलाच्या नोकरीमुळे ओसाकाला जाणं झालं आणि सूनबाईने मला तेकिजुकु दाखवायला नेलं. ओगाता कोआन या डॉक्टरने १८३८ साली काढलेली ही डच विद्येची शाळा. काचेच्या उंच इमारतींच्या मधोमध जुनं लाकडी घर जपून ठेवलंय. वर मुलांची राहायची खोली, शेजारी एक छोटी खोली जिच्यात डच शब्दकोशाची एकुलती एक प्रत असायची आणि पोरं तिच्यावर रात्ररात्र तुटून पडायची. मधल्या खांबावर तलवारीचे वार अजून दिसतात. सामुराईंची पोरं ती, अभ्यासाचा कंटाळा आला की खांबावर राग काढायची. सूनबाई जपानी भाषांतराचं काम करते. मी लसीत रस घेते म्हटल्यावर तिने कोआनने स्वतः १८६० साली लिहून ठेवलेली लसीकरण केंद्राची नोंद शोधली. ऐरोलीला परत आल्यावर व्हिडिओ कॉलवर मला ती ओळीओळीने मराठीत सांगायची आणि मी माझ्या जुन्या तापमान-वहीच्या कोऱ्या पानांवर टिपून घ्यायची.

ती नोंद ऐकल्यावर आधीचं सगळं कोडं सुटलं. पण तिथवर जायला नागासाकीतूनच जावं लागेल.

बोटीवरची लस टिकत नव्हती याला उपाय जगाला ठाऊक होता. लस काचेत नाही, माणसात ठेवायची. एका मुलाला टोचा, आठव्या दिवशी त्याच्या फोडातलं पाणी काढून दुसऱ्याला टोचा. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये असंच अनाथ मुलांना जहाजावर चढवून लस अमेरिकेत पोचवली. पण देजिमा, म्हणजे नागासाकीच्या बंदरातलं ते डचांचं चिमुकलं कृत्रिम बेट, तिथे परदेशी बायका-मुलांना राहायची परवानगीच नव्हती. १८१७ साली तिथला प्रमुख ब्लोमहॉफ बायको आणि तान्ह्या मुलासकट आला, तर शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, सरकारने दोघांना परत पाठवलं. अशा ठिकाणी पोरांची साखळी कुठून येणार?

तोड काढली ती नाराबायाशी सोकेन या सागा संस्थानाच्या डॉक्टरने. जपानात चिनी पद्धत आधीपासून माहीत होती. देवी आलेल्या माणसाच्या खपल्यांची पूड करून निरोगी मुलाच्या नाकात फुंकायची. अकिझुकीच्या ओगाता शुन्साकुने १७९० मध्ये ती यशस्वी करून दाखवली होती. (हा ओगाता वेगळा, कोआन वेगळा.) पद्धत धोक्याची, कारण त्यात खरीच देवी द्यायची असते. पण खपलीत दम असतो आणि ती वाळली तरी टिकते, हे त्यातून कळलेलं होतं. नाराबायाशी मोनिकेला म्हणाला, पाणी नको, या वेळी लस टोचलेल्या मुलांच्या खपल्या मागवा.

११ ऑगस्ट १८४९ रोजी जहाज लागलं. खपल्या आल्या. तीन मुलांना टोचलं. दोघांचं उठलं नाही. एकाचं उठलं, आणि तो नाराबायाशीचा स्वतःचा मुलगा होता.

मी इथे बराच वेळ थांबले. तीनातलं एक! आमच्याकडे इतकी वाया गेलेली खेप असती तर वरून कारणे दाखवा नोटीस आली असती. पण त्या एका दंडावरचा फोडही बसला असता, तर पुढच्या उन्हाळ्यातल्या जहाजाची वाट बघत बसावं लागलं असतं, आणि तोवर देवी थांबून राहत नाही.

आता या लसीचं वेळापत्रक बघा, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. टोचल्यावर तीन-चार दिवसांनी बारीक पुटकुळी येते. सातव्या-आठव्या दिवशी तिचा टपोरा, मोत्यासारखा फोड होतो, मध्ये खळगा, आत नितळ पाणी. हाच दिवस. आणखी दोन-तीन दिवस गेले की पाणी गढूळतं, भोवतीचा दंड लाल होतो, मग खपली धरते. म्हणजे आठव्या दिवशी समोर असं पोर हजर पाहिजे ज्याला देवी आलेली नाही आणि लसही टोचलेली नाही. आणि एक पोर एकदाच उपयोगाचं. एकदा उठलं की त्याच्या दंडावर पुन्हा काही होणार नाही. म्हणजे जो डॉक्टर मन लावून काम करील तो स्वतःच्या गावातली पोरं संपवत नेणार. आमची ड्यू लिस्ट, म्हणजे टोचायच्या राहिलेल्या मुलांची यादी, लांबली की ताण यायचा, त्यांची ड्यू लिस्ट संपली की लसच मरायची.

सागाच्या दाइम्योने, म्हणजे संस्थानिकाने, नाबेशिमा नाओमासाने, आपल्या लहान मुलाला टोचून घेतलं. त्या प्रसंगाचं चित्र आहे, फार प्रसिद्ध. राजेसाहेब बसलेत, डॉक्टर पोराच्या दंडाशी वाकलेत. वजनदार माणसाने आपल्या लेकरापासून सुरुवात केली की गावावर परिणाम होतो हे खरंच आहे. पल्स पोलिओच्या रविवारी नगरसेवकांच्या नातवंडाला पहिला डोस आम्हीही उगाच नव्हतो देत. पण ज्याच्या दंडातलं पाणी त्या राजपुत्राला दिलं, तो मुलगा चित्राचा विषय नसतो. कधीच नसतो.

पुढची हकीकत वेगाने घडते. नागासाकीहून खपल्या कियोतोच्या हिनो तेइसाईकडे पोचल्या. त्याचा शिष्य कासाहारा र्योसाकु, फुकुईचा. साधा गावातला डॉक्टर, संस्थानच्या पगारावरचा नव्हे. त्याने लस आणवावी म्हणून दाइम्योकडे अर्जांवर अर्ज केले होते. शेवटी परवानगी घेऊन तो नागासाकीला निघाला, आणि वाटेत कियोतोला पोचतो तर लस गुरूच्या घरी आधीच हजर. ती त्याने फुकुईला नेली, पण डबीत नाही. लस टोचलेली मुलं, त्यांचे आईबाप आणि तो स्वतः असे सगळे १८५० च्या जानेवारीच्या सुरुवातीला तोचिनोकी खिंड ओलांडून गेले. सहा-सात दिवसांची चाल, वर बर्फ. घाईही करता येईना आणि थांबताही येईना, कारण दंडावरचा फोड आपल्या तिथीने पिकणार.

त्या आईबापांचं मला नवल वाटतं. कासाहाराला ध्यास होता, हिनोला विद्या होती. पण थंडीच्या ऐन कडाक्यात कडेवरचं पोर घेऊन बर्फात चालायला तयार झालेल्या बाईला नेमकं काय सांगितलं असेल? मी शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर पेटी घेऊन जायची. तिथल्या बाया केंद्रावर यायच्या नाहीत, रोज बुडतो म्हणून. दोन किलोमीटरसुद्धा नाही. त्यांचं चुकत नव्हतं. म्हणून आम्हीच जायचो, विटांच्या चळतीआड सावली बघून पेटी टेकवायचो. पण फुकुईच्या डॉक्टरला पेटीच चालवत न्यायची होती, आणि पेटीला आई होती.

फुकुईतही पुढे हाल झालेच. दरबारी वैद्यांनी दाद दिली नाही, लोक पोरं आणेनात, पदरचे पैसे घालून त्याने साखळी चालू ठेवली. १८५१ साली संस्थानाने लसीकरण केंद्राला मान्यता दिली तेव्हा कुठे श्वास मिळाला. त्याने हे सगळं रोजनिशीत लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं.

फुकुईला निघण्याआधी हीच लस एका मुलाच्या दंडावरून ओसाकाला आली होती, डिसेंबर १८४९ मध्ये. कोआन आणि त्याच्या साथीदारांनी केंद्र थाटलं, एका व्यापाऱ्याने पैसा घातला. सगळ्यांनी मिळून ठरवलं की हे लोकांसाठी आहे. पुढेमागे फी कितीही मिळाली तरी ती खिशात घालायची नाही, याच कामाला लावायची. इथपर्यंत ठीक, अशा शपथा सगळीकडे घेतात. त्यानंतर मात्र कोआन जे लिहितो, ते ऐकताना मी सूनबाईला मध्येच थांबवलं, पुन्हा वाच म्हटलं. शहरात वाईट बोलवा उठली. गाईची देवी कुचकामी आहे, एवढंच नाही तर लेकरांना अपाय करते. इतकं की विश्वास ठेवणारं कुणी म्हणजे कुणी उरलं नाही. तेव्हा नाइलाजाने बराच तांदूळ आणि पैसा खर्चून दर खेपेला चार-पाच गरिबांची मुलं गोळा केली, चहूकडे पळापळ करून लोकांना समजावलं, आणि तीन-चार वर्षं कशीबशी लस जिवंत ठेवली.

दर खेपेला चार-पाच. एवढ्यावर ओसाकासारख्या शहरातली लस तगून होती. चारातली दोन आजारी पडली, एकाची आई माहेरी गेली की संपलं. दर आठवड्याला हा घोर, आणि अशी तीन-चार वर्षं! आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांना लसीकरण करायचंच नव्हतं, त्यांना फक्त साठा टिकवायचा होता. आणि साठा पोरांत होता.

अफवांचं मला नवल नाही. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत शाळेच्या फाटकाबाहेर पालक मोबाईल नाचवत उभे होते. एक बाप मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही चांगल्या आहात हो, पण वरून काय पाठवलंय ते तुम्हाला तरी कुठे सांगतात?" यावर काय बोलणार? त्याचा प्रश्न खोटा नव्हता. मी त्याला कुपी हातात दिली, वरचा उष्णतेने रंग बदलणारा चौकोन-गोल दाखवला, तारीख वाचायला लावली. पोरगी टोचून गेली. शेजारचा तरीही नाही म्हणाला. पुढे २०२२ च्या शेवटी गोवंडी-भिवंडीत गोवर पसरला आणि मुलं दगावली, तेव्हा मला ते फाटक आठवत राहिलं.

पण तांदळाचं? ते मला अजून पचत नाही आणि टाकूनही देता येत नाही. पैसेवाल्यांनी संशय घेतला आणि गरिबांच्या पोरांनी दंड दिले. त्यांना संरक्षण मिळालं, हे खरं. पण आठव्या दिवशी परत यायचं ते त्या मुलाच्या भल्यासाठी नव्हतं, पुढच्यासाठी होतं. चांगला पिकलेला फोड सुईने फोडून पाणी काढायचं, मूल रडणार, आणि दंडातून दंडात जाताना रक्तातला एखादा दुसरा रोगही जाऊ शकतो. युरोपात तसं झालंही. कोआनने ते लपवलं नाही, पैसे मोजून मुलं आणली असं सरळ लिहिलं. मला ही नोंद राजपुत्राच्या चित्रापेक्षा मोलाची वाटते ती यासाठी. आमच्या कित्येक अहवालांत "जनजागृती करण्यात आली" या तीन शब्दांखाली काय काय गाडलंय ते मी जाणते.

याच्या उलट टोकाचा माणूस म्हणजे नाकागावा गोरोजी. उत्तरेकडच्या बेटावरचा साधा नोकरदार. १८०७ साली रशियनांनी त्याला धरून नेलं. सैबेरियात वर्षं काढून १८१२ मध्ये परत आला तो लसीचं रशियन पुस्तक आणि प्रत्यक्ष हातखंडा घेऊन. १८२४ साली, म्हणजे मोनिकेच्या पंचवीस वर्षं आधी, त्याने होक्काइदोच्या दक्षिण टोकाला मुलांना टोचलंसुद्धा. पण विद्या कुणाला नीट शिकवली नाही, पोटापाण्याचं गुपित म्हणून ठेवली. त्याच्याबरोबर तीही गेली. कोआनच्या केंद्राने मात्र दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना लस वाटली, आणि तीही नियम घालून, कबुलीपत्र घेऊन. साखळी एका जागी तुटली तर शेजारच्या गावातून परत आणता येईल, ही त्यातली अक्कल. आमचा जिल्हा साठा आणि तालुका साठा याच हिशोबावर चालतो.

देवाधर्माचं म्हणाल तर तिथेही देवीचा देव होता. आजारी मुलाला लाल कपडे, लाल खेळणी, लाल शाईतली चित्रं. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराच्या आवारात आपली शीतलादेवी आहे. आई मला तिथे न्यायची आणि त्याच आईने माझ्या दंडावर दोन वणही करून घेतलेत. तिला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, डॉक्टर कुवाता र्यूसाईला हे चांगलं कळलं होतं. त्याने लसीची जाहिरात छापली ती अशी: पांढऱ्या गाईवर बसलेलं गुटगुटीत पोर हातात भाला घेऊन देवीच्या राक्षसाला पळवून लावतंय. व्याख्यानापेक्षा बरं. याच कुवाताला शोगुनने १८५७ साली उत्तरेला पाठवून हजारो ऐनू लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, टोचून घेतलं. त्यात कळवळा किती आणि रशियाच्या सरहद्दीची काळजी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

१८५८ साली ओसाकाच्या केंद्राला सरकारी मान्यता मिळाली. त्याच वर्षी एडोत ८३ डॉक्टरांनी वर्गणी काढून ओतामागाइके इथे केंद्र उभं केलं, ते काही महिन्यांतच आगीत जळालं आणि पुन्हा बांधलं. टोकियो विद्यापीठाची वैद्यक शाखा आपलं मूळ तिथे सांगते. तरीही १८६७ च्या जानेवारीत खुद्द सम्राट कोमेई देवीनेच गेले. लस हाकेच्या अंतरावर, आणि राजवाड्यात पोचलेली नाही.

हे सगळं मी माझ्या जुन्या सहकारी ताईंना सांगत होते. आम्ही दोघींनी भट्ट्या, दगडखाणी, पुलाखालची पालं एकत्र पालथी घातलीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि विचारलं, "तांदूळ कधी द्यायचे? टोचायच्या दिवशी की आठव्या दिवशी?"

मी म्हटलं, "तेवढं काही लिहिलेलं नाही."

"आठव्या दिवशीच देत असणार," ताई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी दिलेत तर परत कोण येतंय? आणि थोडे टोचतानाही द्यायला पाहिजेत, नाहीतर पहिल्यांदा तरी कोण येतंय? अर्धे-अर्धे. कुणीतरी बाई असणार हो तिथे हिशोब ठेवायला, डॉक्टरांना हे सुचत नाही."